विजासन लेणी

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती (जुने भांदक) शहराजवळच्या विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी. केंद्रीय संरक्षित स्मारक. यवतमाळ जिल्ह्यातील वणीहून निघालेला प्रवासी पाटाळ्याच्या पुलावर वर्धा नदी ओलांडून वरोरामार्गे येथे येतो. दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरील भांदक हे जवळचे रेल्वेस्थानक.

अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्याला येथील रचना अगदी निराळी वाटेल. मुख्य बोळ टेकडीच्या पोटात सरळ ७१ फूट शिरतो आणि टोकाच्या गाभाऱ्यात बुद्धाची आसनस्थ, भव्य मूर्ती आहे. या बोळाला काटकोनात आणखी दोन बोळ असून त्या प्रत्येकाला स्वतंत्र गाभारा व मूर्ती आहे. या लेण्याचे सारे मोल या आतल्या मांडणीत आहे. म्हणून घाईने आत जाऊन छायाचित्र काढून परतण्यात अर्थ नाही. डोळे अंधाराला सरावू द्यावेत, सोबत बॅटरी ठेवावी.

पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ मधील मध्य प्रांताच्या दौऱ्यांच्या अहवालात भांदकची सविस्तर नोंद केली. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने वर्णिलेली कोसल देशाची राजधानी ती हीच, असे त्यांचे मत होते. पुढील अभ्यासकांत त्यावर एकमत झाले नाही. भिंतीवरील शिलालेखाच्या पुसट खुणांवरून लेण्यांचा काळ इसवी सनाचे दुसरे-तिसरे शतक मानला गेला. पण हे स्थळ केवळ इतिहासजमा नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. या परिसरातील बौद्ध समाजासाठी विजासन आज जिवंत श्रद्धास्थान आहे. येथे येणाऱ्या पर्यटकाने ते आधी ध्यानात घ्यावे.

वणी आणि भद्रावती दोन्ही वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात येतात. कायद्याने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. परंतु खाणीतल्या सुरुंगाचे हादरे अशा आखलेल्या रेषेवर थांबत नाहीत. या पट्ट्यातल्या प्राचीन कोरीव कामांसाठी हादऱ्यांची नियमित मोजणी व्हायलाच हवी.

मूर्तीला हात लावू नये, भिंतीवर नाव कोरू नये, आत धूप-मेणबत्तीची काजळी धरू देऊ नये. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.