पात्याशेजारी काय आहे?

भिलाईला पोस्टिंग आल्याचे कळल्यावर आमच्या जुन्या युनिटमधल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांचा फोन आला. "साहेब, पोलादाच्या गावाला चाललात. सुट्टीवर येताना खिशात ठेवण्याजोगा एक चांगला चाकू घेऊन या." मी हो म्हणालो. इथे येऊन आता बरेच महिने झाले. भिलाईत एकशेतीस मीटर लांबीचा अखंड रूळ बनतो, आणि असे दोन जोडून दोनशेसाठ मीटरचे पॅनेल रेल्वेला जाते. आपल्या विमानवाहू 'विक्रांत'साठी जे पोलाद लागले, त्यातलेही काही इथलेच. खिशातला चाकू मात्र या गावात बनत नाही. सेक्टरच्या दुकानात मागितला तर चिनी मिळतो, नाहीतर स्विस.

असे का, याचे उत्तर शोधताना चाकूचा इतिहास बराच चाळून झाला. त्यातला थोडा इथे मांडतो.

आधी या गावाबद्दल. लोखंड इथे कारखान्याच्या कितीतरी आधीपासून आहे. जमशेदजी टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता, तेव्हा त्यांची पहिली नजर होती आपल्या चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरमधल्या लोहाऱ्यावर. तिथे निराशा झाली. ते सांगायला दोराबजी नागपूरला गेले असता तिथल्या संग्रहालयात त्यांना दुर्ग जिल्ह्याचा भूगर्भ नकाशा दिसला. १९०३ साली दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड दल्ली-राजहराच्या डोंगरांवर पोचले. लोखंड अफाट होते, पण जवळ योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. कारखाना पुढे साकचीला, म्हणजे जमशेदपूरला गेला. दल्ली-राजहराच्या लोखंडाला पन्नासएक वर्षे वाट पाहावी लागली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. (आमच्या खडकवासल्याच्या अकादमीचे उद्घाटन १६ जानेवारी १९५५ चे. म्हणजे भिलाई आम्हा एनडीएवाल्यांपेक्षा जेमतेम अडीच आठवड्यांनी लहान!)

त्याही आधी मैकल डोंगररांगांत आगरिया लोक मातीच्या छोट्या भट्ट्यांत, पायाने भाता दाबून लोखंड गाळत. व्हेरियर एल्विनने १९४२ साली त्यांच्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. त्या लोखंडाचे विळे, कुऱ्हाडी, बाणांची टोके होत. स्वस्त कारखानी लोखंड आले आणि त्या भट्ट्या थंडावल्या.

तरीही मोठ्या कारखान्याचे पोलाद आणि चाकूचे पाते यांचे नाते सरळ नाही. जहाजाच्या, पुलाच्या प्लेटमध्ये कार्बन मुद्दाम कमी ठेवतात, कारण ती वेल्ड व्हायला हवी आणि धक्का बसला तर तडकता कामा नये. असे पोलाद धार धरत नाही. रुळात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास असतो. त्याचे पाते होते, पण कोणीतरी ते तापवून, ठोकून, पाणी पाजून बनवले पाहिजे. गाडीच्या कमानपाट्यात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो, म्हणून खेड्यातला लोहार कोयत्यासाठी जुना पाटाच शोधतो. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात असे विळे, पावश्या मिळतात. हत्याराला धार असते ती पोलादापेक्षा पाणी पाजणाऱ्याच्या हाताची. आपल्या भाषेत पाण्याला इतके महत्त्व उगाच नाही.

आता सैनिकाच्या खिशाकडे वळू.

स्विस आर्मी नाइफ नावाचा लाल चाकू आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याचा जन्म लढाईतून झालेला नाही. स्विस सैन्याने १८८९ साली नवी रायफल घेतली. ती उघडायला पेचकस लागे. डबाबंद अन्नही आले होते, त्याला डबा फोडायचे काहीतरी हवे. पेचकस वेगळा, ओपनर वेगळा, चाकू वेगळा, असे ओझे कोण बाळगणार? म्हणून चार गोष्टींचा एक चाकू ठरला: पाते, टोचा, ओपनर आणि पेचकस, मूठ गडद लाकडाची. त्यावेळी स्वित्झर्लंडमध्ये इतके चाकू बनवण्याची ऐपत कोणाची नव्हती, म्हणून पहिली ऑर्डर गेली जर्मनीतल्या सोलिंगेनला. आपल्या सैनिकाचा चाकू परक्या देशातून यावा, हे कार्ल एल्सनरला खटकले. इबाख गावात १८८४ पासून त्याचे चाकूचे छोटे दुकान होते. त्याने देशातल्या कारागिरांना एकत्र केले आणि १८९१ मध्ये सैन्याला चाकू दिले. पण सोलिंगेनचा माल स्वस्त पडे. एकेक सोबती गळाला आणि एल्सनर कर्जात बुडाला. नातेवाइकांनी सावरले म्हणून टिकला.

त्याला तारले ते दुसऱ्याच चाकूने. सैनिकाचा चाकू जड होता, म्हणून त्याने हलका, देखणा चाकू केला, त्यात छोटे पाते आणि बूच काढायचा स्क्रू घातला. १२ जून १८९७ रोजी त्याची कायदेशीर नोंद झाली. नाव 'ऑफिसरचा चाकू'. गंमत म्हणजे सैन्याने तो कधी अधिकृत इश्यू केलाच नाही. ऑफिसर स्वतःच्या पैशाने घेत. (बूच काढायचा स्क्रू सरकारी खर्चात बसवायला कुठला क्वार्टरमास्टर तयार होईल?) पुढे एल्सनरने आईच्या, व्हिक्टोरियाच्या, नावावरून मार्क ठेवला. १९२१ मध्ये स्टेनलेस पोलादाचा 'इनॉक्स' त्याला जोडला आणि व्हिक्टोरिनॉक्स झाले. 'स्विस आर्मी नाइफ' हे नाव दिले दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांनी, मूळ जर्मन नाव तोंडात बसेना म्हणून.

ब्रिटिशांच्या आणि त्यामागोमाग आपल्या सैन्यातला जॅक नाइफ जुन्या माजी सैनिकांना आठवत असेल. दोरीने कमरेला बांधलेला, एक बोथट नाकाचे पाते, एक ओपनर आणि पाठीवर लांब सुळा. हा सुळा घोड्याच्या खुरातला खडा काढायला असतो, असे आजही छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. तो नाविकांकडून आलेला मार्लिन स्पाइक. दोराचे पीळ सोडवायला, गाठ सैल करायला. तंबू, खेचरावरचे सामान, तोफेचे दोर, सगळीकडे सैनिकाला गाठी सोडवाव्या लागत. मारायला त्याच्याकडे रायफल आणि संगीन होती. खिशातला चाकू उरलेल्या तेवीस तासांसाठी होता.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. सैन्यांनी खिशातला चाकू निवडताना पात्याच्या लांबीपेक्षा पात्याशेजारी काय बसवायचे, यावर जास्त विचार केला. गोरख्यांची खुकरी सगळ्यांना भीतीदायक वाटते, पण तिच्या म्यानात मागे दोन छोटी अवजारे असतात: बारीक कामाची कर्द आणि धार लावायला, ठिणगी पाडायला चकमक. म्हणजे मोठे हत्यार बाळगणाऱ्यालाही लहान कामाची सोय लागतेच.

आपल्याकडचा खिशातला जोडीदार म्हणजे चंचीतला अडकित्ता. चुन्याची डबी, लवंगा आणि अडकित्ता, एवढ्यावर आपल्या आजोबांचा दिवस निघे. कच्छमधल्या अंजारला आजही 'सूडी-चप्पू' म्हणजे अडकित्ता-चाकू हा एकाच कारागिराचा धंदा समजतात. पुण्याला शुक्रवार पेठेजवळून गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा आणि अडकित्त्यांसमोर थांबा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली, सात वर्षांचा मुलगा राजा गेल्यावर तो ध्यास झाला, आणि १९६२ मध्ये सगळे सरकारला देऊन टाकले. दिवे, कुलपे, अडकित्ते, फण्या. वापरून झिजलेल्या वस्तू. चाकूंचा संग्रह करणाऱ्या आमच्या काही मित्रांनी, जे खोके फोडायलाही घाबरतात, तिथे एक चक्कर मारायला हरकत नाही.

अलीकडची गोष्ट टिम लेदरमनची. १९७५ साली हा अमेरिकन तरुण बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी बंद पडे, हॉटेलचे नळ गळत, खिशात चाकू होता पण पक्कड नव्हती. त्याने पक्कड असलेला चाकू बनवला. चाकूवाले म्हणाले हे तर अवजार, अवजारवाले म्हणाले हे खेळणे. १९८३ मध्ये शेवटी तो विकला गेला आणि मल्टिटूल नावाची नवी जात तयार झाली. काटेरी तार पिळणे, स्प्लिट पिन ओढणे, रेडिओचे टर्मिनल घट्ट करणे, ज्याने हे थंडीत बधिर बोटांनी केले आहे त्याला पक्कड कशाला, हे सांगावे लागत नाही.

इथे एनसीसीची मुले मला चाकू कुठला घ्यावा, असे नेहमी विचारतात. त्यांच्या मोबाइलवर बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंचे व्हिडिओ असतात. रामपूरचा चाकू नवाबी काळातला, कारागिरी खरोखर वाखाणण्याजोगी. पण सिनेमाने त्याला खलनायकाच्या हातात दिले आणि कायद्याने पुढे त्याची लांबी कापली. आज रामपुरात चौकात वीस फुटी चाकू उभा आहे आणि कारागीर मोजके उरले आहेत. इकडच्या हिंदी वर्तमानपत्रांत 'चाकूबाजी' हा शब्द हवामानाच्या बातमीइतका नेमाने येतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते हे पुष्कळांना माहीत आहे, पण बटणाचा चाकू घेऊन चौकात सापडलेल्या मुलापाशी पोलीस फूटपट्टी घेऊन बसत नाहीत. आर्म्स अ‍ॅक्टचे कलम २५ लागले की भरतीच्या वेळच्या पोलीस पडताळणीत ते समोर येते. धावण्यात पहिला आलेला मुलगा तिथे अडकतो. दोनशे रुपयांच्या चाकूपायी.

म्हणून मी मुलांना सांगतो, पाते तीन इंचांच्या आत, बटण नको, आणि शेजारी पेचकस, ओपनर, जमल्यास पक्कड हवी. पोलाद फार कडक शोधू नका. स्विस चाकूचे पाते मुद्दाम मध्यम कडक असते, दगडावर पाच मिनिटांत धार येते. महागड्या कडक पोलादाला धार लावताना पोस्टवर रात्र जाते. साधे कार्बनचे पाते सुंदर कापते, पण ईशान्येच्या पावसात दोन दिवसांत तांबडे होते, रोज तेलाचा हात फिरवणाऱ्यानेच घ्यावे. सांध्यात वाळू गेली तर कोमट पाण्यात उघड-मीट करा, वाळवा, थेंबभर तेल. आणि विमानाने जाताना चेक-इन बॅगेत टाका. सुरक्षा तपासणीच्या त्या पारदर्शक पेटीत कितीतरी चांगले चाकू पडलेले पाहिले आहेत.

सुभेदारसाहेबांसाठी शेवटी सुपेल्याच्या बाजारातल्या एका लोहाराला गाठले. कमानपाट्याचे अडीच इंची पाते, पितळी रिव्हेट, शिसवी मूठ. दुसऱ्या बाजूला काय बसवू, असे त्याने विचारले. फोन केला. सुभेदारसाहेब क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "साहेब, टोचा बसवा. बैलाचे जोते शिवायला लागतो."