एक मन म्हणते, दुसरे मन सांगते

"एक मन म्हणते, शेत विकून मोकळे व्हावे, दुसरे मन सांगते, वाडवडिलांची ठेव, हात लावू नये." असे आपण सहज बोलून जातो. मन खाते, मनात दुमत होते, आणि मनाची समजूतही मनच घालते. वाचकहो, बोलण्यातली ही साधी गोष्ट धरून युरोप-अमेरिकेत मानसोपचाराच्या अनेक पद्धती निर्माण झाल्या. त्यांतली कोणती कोणाच्या कामाची, हे समजायचे तर कोणत्या दुखण्यातून कोणती पद्धत निघाली, हे आधी पाहिले पाहिजे.

आरंभ फ्रान्समध्ये. प्येर जाने या विद्वानाने १८८९ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मनाला जबर धक्का बसला की ती आठवण उरलेल्या मनापासून तुटते आणि वेगळी राहून माणसाला छळते, असे त्याने दाखवले. पुढे १९२३ मध्ये फ्रॉइडने मनाचे तीन विभाग मांडले: वासनेचा, व्यवहाराचा आणि नैतिक धाकाचा. इटलीच्या असाज्योली यांनी एका माणसात अनेक 'उपव्यक्तिमत्त्वे' नांदतात असे मानून त्यांचा मेळ घालण्यावर भर दिला.

एरिक बर्न या डॉक्टरने हा विचार सामान्य माणसाच्या हाती दिला. त्याचे 'गेम्स पीपल प्ले' हे पुस्तक १९६४ साली निघाले. प्रत्येकात एक पालक, एक प्रौढ आणि एक मूल असते, असे तो म्हणे. शिक्षकांना हे चटकन पटेल. मुलगा वर्गात उशिरा आला. "तुझे काही व्हायचे नाही!" असे आपण म्हटले, की आपल्यातला पालक बोलला, मुलगा एकतर रडणार, नाहीतर उलटून बोलणार. "वाटेत काय अडचण आली रे?" असे विचारले, तर आपल्यातला प्रौढ बोलला. घरातली, शाळेतली रोजची भांडणे सोडवायला ही पद्धत सोपी आणि उपयोगी.

पण काही दुखणी बोलण्याचालण्यापेक्षा खोल असतात. १९८० नंतरच्या काही वर्षांत रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकेत कुटुंबोपचार करत होते. अतोनात खाऊन मग ओकून टाकणारे त्यांचे रुग्ण आपल्या आतल्या निरनिराळ्या 'भागां'विषयी बोलू लागले. श्वार्ट्झना वाटले, हे तर कुटुंबच आहे! यात घर सांभाळणारे कारभारी आहेत, आग लागताच धावणारे बंबवाले आहेत, आणि दुःख घेऊन कोपऱ्यात ढकललेली पोरे आहेत. दारूकडे किंवा अति खाण्याकडे ओढणारा भागसुद्धा वैरी नव्हे. तो आपल्या परीने वेदना विझवू पाहतो. त्याला झोडपू नका, तो कशाला भितो ते विचारा, असे हे सांगणे. ते मनाला भिडते. मात्र त्याची शास्त्रीय तपासणी अजून थोडीच झाली आहे.

जेफ्री यंग यांची 'स्कीमा' पद्धत या बाबतीत पुढे आहे. लहानपणापासून मुरलेले, नाती पुन्हा पुन्हा मोडणारे स्वभावदोष तिने हाताळले. नेदरलँड्समध्ये तीन वर्षे चाललेल्या तुलनेचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला, आणि भावनांवर ताबा न राहणाऱ्या रुग्णांत तिला चांगले यश आलेले दिसले. मात्र तिला वेळ फार लागतो.

आता इशाऱ्याची गोष्ट. अमेरिकेत १९८० ते १९९५ च्या सुमारास काही उपचारकांनी रुग्णांना आडून आडून सुचवून 'भाग' आणि 'आठवणी' उभ्या केल्याची प्रकरणे गाजली. घरेच्या घरे त्यात दुखावली. म्हणून ध्यानात ठेवा, 'भाग' ही बोलण्याची सोय आहे. आत कोणी भूत बसलेले नसते. त्याचप्रमाणे 'छिन्नमनस्कता' या नावाने फसू नये. त्या आजारात मनाचे दोन माणसांत तुकडे होत नाहीत. कानात नसलेले आवाज येऊ लागले, संशयाने झोप उडाली, तर हे आतल्या भागांशी बोलण्याचे प्रकरण नव्हे. अशा माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. औषधाने गुण येतो.

मग निवड कशी करावी? आधी दुखणे पाहावे, मग पद्धत, आणि शेवटी माणूस. रोजचे खटके असतील तर बर्नची वाट पुरे. जुना मुरलेला स्वभाव असेल तर यंगची. जुनी जखम असेल तर जाणत्या उपचारकाशिवाय ती उघडू नये. उपचारकाला खुशाल विचारावे: आपण शिकलात कुठे? उपचार किती दिवस चालेल? गुण आला नाही तर काय करायचे? जो या प्रश्नांनी रागावेल, त्याचा उंबरठा पुन्हा चढू नये.

खेड्यात उपचारक कुठला, असे कोणी म्हणेल. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. शिवाय २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक लावावा, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. घरातले कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले तर पद्धतींचा काथ्याकूट करत बसू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मागावी.

गावच्या पंचायतीत ज्याचे कोणी ऐकत नाही, तोच शेवटी आरडाओरडा करतो. मनाच्या पंचायतीचेही तसेच आहे. सर्वांचे ऐकावे, पण निवाडा शहाण्या मनाकडे ठेवावा.