अडगळीतल्या बोगद्यातलं शून्य

सर्व्हरवरचे बहुतेक लॉग आम्ही न वाचताच फेकतो. काय ठेवायचं, हे आधी लिहून ठेवलेला नियम ठरवतो. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्येही हेच चालतं, हे वाचून मी चपापलो. तिथल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा प्रोटॉनचे झुपके एकमेकांना छेदतात. नोंद उरते फार तर काही हजारांची.

मग फेकलेल्यात काही राहिलं असेल तर?

१९८६ मध्ये बॉब होल्डम यांनी एक शक्यता मांडली होती: आपल्या फोटॉनशी जेमतेम नातं सांगणारा दुसरा फोटॉन. असा हलका कण बहुधा झोताच्या दिशेनेच सरळ निघून जाईल. नेमकी तिथेच मोठ्या डिटेक्टरांना झोताच्या नळीसाठी मोकळी जागा सोडलेली असते.

२०१७ मध्ये जोनाथन फेंग आणि तीन सहकाऱ्यांनी सुचवलं, त्याच दिशेला पुढे छोटा डिटेक्टर ठेवू. ॲटलासपासून ४८० मीटरवर जुन्या लेप यंत्राच्या काळातला बोगदा वापराविना पडून होता. ॲटलास आणि एलएचसीबीचे शिल्लक सुटे भाग जोडून तिथे ‘फेझर’ उभा राहिला. २०२२ पासून तो नोंदी घेऊ लागला.

२०२३ चा निकाल: डार्क फोटॉन शून्य. पण न्यूट्रिनोंच्या १५३ खुणा सापडल्या! ते प्रत्येक कोलायडरमध्ये जन्मत होते; थेट कुणी पाहिले नव्हते.

ते शून्यही वाया गेलं नाही. डार्क फोटॉन कुठे नाही, हे त्याने सांगितलं. आता फिल्टर लिहिताना मी एकदा थांबतो: आपण नक्की काय फेकतोय?