खानेसुमारी आणि सरशुमारी

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत जनगणनेला ‘खानेसुमारी’ म्हणत. शब्द फारसी. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. इराणात आज याच कामाला ‘सरशुमारी’ म्हणतात. सर म्हणजे डोके. आपण शिरगणती म्हणतो तीच ही. घरे मोजणे आणि माणसे मोजणे यांत किती अंतर पडते, ते तिथल्याच एका खेड्यावरून पाहू.

खेड्याचे नाव अब्याने. करकस पर्वताच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली तांबड्या मातीची घरे. बायकांच्या डोक्यावर पांढरे, फुलाफुलांचे रुमाल. बाहेरच्यांशी बोलायला फारसी, घरात गावची जुनी इराणी बोली.

सरकारी दप्तरात या गावाचा पत्ता असा: ओस्तान इस्फहान, शहरिस्तान नतंज, बख्श मध्य, देहिस्तान बर्झरूद. ओस्तान म्हणजे प्रांत, शहरिस्तान म्हणजे साधारण आपला जिल्हा, बख्श हा त्याचा भाग आणि देहिस्तान हा खेड्यांचा गट. या रचनेचा पाया 1937 च्या कायद्याने घातला. यातला ‘देह’, म्हणजे खेडे, आपल्याला परका नाही. जुन्या मराठी दप्तरातला ‘देहझाडा’ आठवा. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी महसुलाच्या कागदांतून हे शब्द हलले नाहीत.

गाव म्हणायचे कशाला, हे तिथे 1983 च्या कायद्याने ठरवले. स्वतःची हद्द हवी, बहुतेक रहिवासी शेती, पशुपालन अशा कामांवर जगणारे हवेत, आणि वस्ती निदान 20 कुटुंबांची किंवा 100 माणसांची हवी. ‘किंवा’ हा शब्द लक्षात ठेवा.

2006 च्या सरशुमारीत अब्यानेत 160 कुटुंबे आणि 301 माणसे नोंदली गेली. कायद्याच्या दोन्ही कसोट्यांना गाव सहज उतरते. पण आता भागाकार करून पाहा. एका कुटुंबात दोन माणसेसुद्धा पुरती येत नाहीत. चुली 160, पण बहुतेक चुलींपाशी एखाददुसरेच माणूस. केवळ खानेसुमारी झाली असती तर गाव भरलेले वाटले असते. सरशुमारीने ते किती रिकामे झाले आहे हे दाखवले.

गेलेली माणसे कुठे आहेत? डोंगरातल्या पायरीशेतीवर सगळ्यांचे भागेना, म्हणून बरीच तेहरानसारख्या शहरांत गेली. त्यांनी घरे मात्र मोडली नाहीत. सुट्टीत ती येतात. मोहरमला ‘नख्ल’ हा लाकडी सांगाडा खांद्यावर घेऊन मिरवायला येतात, तेव्हा गल्ल्या भरून जातात. मोजणीत ती शहरात धरली जातात आणि नियमाने ते बरोबरच आहे.

इंदूर, बडोदे, हैदराबाद इथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांना हे काही नवे नाही. कुलदैवताच्या निमित्ताने आपण ज्या गावी जातो, तिथल्या लोकसंख्येत आपण नसतो. आपल्या नावाने असलाच तर एखादा कुलूपबंद वाडा असतो. तेव्हा एखाद्या गावाच्या नोंदीत लोकसंख्येचा आकडा दिसला, की शेजारचा कुटुंबांचा आकडाही वाचावा आणि भागाकार करावा. गाव कागदावर किती आहे आणि चुलीपाशी किती उरले आहे, ते त्यातून कळते.