हेब, डॉनल्ड ओल्डिंग : स्मृती व मेंदूतील कोशिकासमूह
हेब, डॉनल्ड ओल्डिंग : (२२ जुलै १९०४ – २० ऑगस्ट १९८५). कॅनडातील मानसशास्त्रज्ञ. स्मृती ही मेंदूतील एखाद्या ठरावीक बिंदूत साठविलेली नसून परस्परांशी जोडल्या गेलेल्या तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) जालात ती वास करते, या उपपत्तीचे प्रमुख प्रवर्तक. ही उपपत्ती त्यांनी १९४९ मध्ये मांडली, तेव्हा तिला प्रत्यक्ष पुरावा जवळजवळ नव्हता. पुढील काळात तो कसा उपलब्ध होत गेला, हा विसाव्या शतकातील मेंदूविषयक संशोधनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा भाग होय.

पूर्वपीठिका : अनुभवामुळे मेंदूत काहीतरी टिकाऊ बदल होत असला पाहिजे, ही कल्पना जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ट झेमोन यांनी १९०४ मध्ये या बदलाला ‘एन्ग्रॅम’ (स्मृतिरेखा) हे नाव दिले. त्यापूर्वीच स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन ई काहाल यांनी मेंदू हा स्वतंत्र कोशिकांचा बनलेला असून शिकण्याच्या क्रियेत त्यांच्यामधील संपर्क दृढ होत असावेत, असे सुचविले होते.

ही स्मृतिरेखा मेंदूत नेमकी कोठे असते, हे शोधण्याचा दीर्घ प्रयत्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली (१८९०–१९५८) यांनी केला. उंदरांना चक्रव्यूहातून वाट काढावयास शिकवून त्यांच्या प्रमस्तिष्क बाह्यकाचे (मेंदूच्या बाहेरील करड्या थराचे) निरनिराळे भाग ते शस्त्रक्रियेने नष्ट करीत व मग स्मरणाची पुन्हा परीक्षा घेत. कोणता भाग काढला यापेक्षा किती भाग काढला, यावर उंदरांचे विस्मरण अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. १९५० मध्ये आपल्या शोधाचा आढावा घेताना, स्मृतिरेखेचे निश्चित स्थान आपल्याला सापडले नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. चक्रव्यूहातून जाताना उंदीर दृष्टी, गंध, स्पर्श अशा अनेक संवेदनांचा उपयोग करतो; त्यामुळे एखादा भाग गेला तरी इतर भाग काम भागवितात, असा आक्षेप पुढे त्यांच्या निष्कर्षांवर घेण्यात आला.

हेब यांचे कार्य : हेब यांचा जन्म नोव्हा स्कोशा प्रांतातील चेस्टर येथे झाला. शिकागो व हार्व्हर्ड येथे लॅशली यांच्या हाताखाली अभ्यास करून त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९३७ पासून माँट्रिऑल येथे शस्त्रक्रियातज्ञ वाइल्डर पेनफील्ड यांच्या रुग्णांचा अभ्यास करताना त्यांना एक कोडे पडले. कपाळामागील ललाटखंडाचा बराचसा भाग काढूनही काही रुग्णांची बुद्धिमापन कसोटीतील गुणसंख्या अपेक्षेप्रमाणे घटली नव्हती. बालपणीच्या अनुभवातून मेंदूत जी जुळणी तयार होते, ती प्रौढपणी पुष्कळशी हानी सोसूनही टिकून राहत असावी, असा तर्क त्यांनी केला. घरात पाळून मोकळेपणाने वाढविलेले उंदीर पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा नवे प्रश्न सोडविण्यात सरस ठरतात, हे त्यांचे निरीक्षणही या तर्काशी सुसंगत होते. १९४७ मध्ये ते मगिल विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी दोन कल्पना मांडल्या. पहिली अशी : एक कोशिका दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्या दोहोंमधील अनुबंधन (संपर्कस्थान) अधिक कार्यक्षम होते. दुसरी कल्पना पहिलीवर आधारलेली आहे. वारंवार एकत्र उद्दीपित होणाऱ्या अनेक कोशिकांचा एक ‘कोशिकासमूह’ बनतो; मूळ उद्दीपक नाहीसा झाल्यावरही आवेग त्यात काही काळ फिरत राहतो आणि समूहाचा काही भाग जागृत झाला तरी सगळा समूह जागृत होऊ शकतो. फुलाच्या नुसत्या गंधाने त्याचा रंग व आकार आठवतो, यासारख्या अनुभवांचा उलगडा या कल्पनेने होतो. समूह विस्तृत भागात पसरलेला असल्याने त्याचा अंश नष्ट होऊनही स्मृती का टिकते, या लॅशली यांच्या कोड्यालाही तिने उत्तर दिले.

या मांडणीत एक उणीव होती. अनुबंधने केवळ दृढच होत गेली, तर उद्दीपन सर्व मेंदूभर पसरेल. एका कोशिकेने दुसरीला रोखण्याची क्रिया (निरोधन) त्या वेळी नीट सिद्ध झालेली नव्हती. म्हणून हेब यांनी ती गृहीत धरली नव्हती. पीटर मिल्नर यांनी १९५७ मध्ये निरोधनाचा समावेश करून उपपत्तीत सुधारणा केली.

नंतरचे पुरावे : हेब यांच्या विद्यार्थिनी ब्रेंडा मिल्नर यांनी विल्यम स्कोव्हिल यांच्यासमवेत १९५७ मध्ये एका रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ मध्ये हेन्री मोलेसन (१९२६–२००८) यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (समुद्रघोड्याच्या आकाराच्या भागाचा) मोठा अंश काढण्यात आला होता. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. मात्र आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कौशल्य ते दिवसागणिक आत्मसात करीत. आपण हे पूर्वी केले आहे, याची त्यांना आठवण नसे. स्मृतीचे प्रकार अनेक असून त्यांची जालेही भिन्न आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. एका माणसाच्या आयुष्याची अपरिमित हानी होऊन हे ज्ञान मिळाले, हे विसरता येत नाही.

अनुबंधन दृढ होते याचा ठोस पुरावा १९७३ मध्ये मिळाला. टिम ब्लिस व टेर्ये लोमो यांनी ऑस्लो येथे सशाच्या हिप्पोकॅम्पसमधील तंतूंना विजेचे जलद झटके दिले, तेव्हा तेथील अनुबंधनांचा प्रतिसाद वाढून तो तासन्‌तास टिकला. याला ‘दीर्घकालीन वर्धन’ म्हणतात. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांनी उंदीर विशिष्ट जागी आला असताना उद्दीपित होणाऱ्या ‘स्थलकोशिका’ शोधून काढल्या. जागेपणी एकत्र कार्य करणाऱ्या अशा कोशिका नंतरच्या झोपेतही एकत्र उद्दीपित होण्याकडे कल दाखवितात, हे मॅथ्यू विल्सन व ब्रूस मॅक्नॉटन यांनी १९९४ मध्ये दाखविले. १९९० नंतरच्या दशकात उद्दीपनाचा क्रमही निर्णायक असल्याचे दिसून आले : काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने अनुबंधन दृढ किंवा दुर्बल होऊ शकते.

सर्वांत थेट पुरावा सुसुमू टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेतून २०१२ मध्ये पुढे आला. भीतीच्या अनुभवात सक्रिय झालेल्या कोशिकांना जनुकीय तंत्राने खूण करून त्यांवर प्रकाश टाकताच, पूर्णतः निर्धोक जागीही उंदीर भीतीने निश्चल झाले. पुढील वर्षी याच पद्धतीने त्यांच्या मेंदूत न घडलेल्या घटनेची स्मृतीही निर्माण करण्यात आली.

मूल्यमापन : हेब यांचा नियम मेंदूविज्ञानापुरता मर्यादित राहिला नाही. जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये रचलेल्या कृत्रिम तंत्रिकाजालात त्याच नियमाचा अवलंब केलेला होता. २०२४ मध्ये हॉपफील्ड हे भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. तथापि उंदराच्या भीतीपासून मनुष्याच्या आयुष्यभराच्या आठवणींपर्यंतचे अंतर अजून पुष्कळ आहे. ज्या जालामुळे स्मृती मेंदूची हानी सोसून टिकते, त्याच जालात बदल होऊन ती विपर्यस्तही होऊ शकते. प्रामाणिक साक्षीदाराचीही आठवण केव्हा केव्हा का चुकते, याचे एक कारण येथे आढळते. लॅशली यांना जी जागा सापडली नाही, तिच्याऐवजी कोशिकांचे परस्परसंबंध शोधावयास हेब यांनी शिकविले, हे त्यांचे स्थायी कार्य होय.