कॉलेजची निवड आणि तवक्कुल : १९२० च्या अलिगढची गोष्ट

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत जुने विद्यार्थी आणि त्यांचे अम्मी-अब्बा येऊ लागतात. सायन्स घ्यावे की कॉमर्स, गावातले कॉलेज बरे की पुणे-मुंबई, मुलीला होस्टेलला ठेवावे की नाही, असे त्यांचे प्रश्न असतात. चर्चा लांबली की कोणीतरी म्हणते, "सर, अल्लाह पर छोड़ दो. जो होगा, अच्छा होगा." वाक्य ईमानाचे आहे. पण पुष्कळदा ते विचार थांबवण्यासाठी वापरले जाते, असा माझा वीस-एक वर्षांचा अनुभव आहे.

ईमान आणि कॉलेज यांचा संबंध नेमका काय, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अलिगढच्या मुलांसमोर फार कठीण रूपात उभा राहिला होता. त्यांनी तो कसा सोडवला, ते आज सांगायचे आहे.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलिगढला मदरसा सुरू केला आणि १८७७ मध्ये मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली. १८५७ नंतर खचलेल्या समाजासाठी हे कॉलेज म्हणजे उमेद होती. तिथे प्रवेश मिळाला की सरकारी नोकरी, वकिली, इभ्रत यांची वाट मोकळी होत असे. १९२० मध्ये तर या कॉलेजचे विद्यापीठ होत होते.

नेमक्या त्याच वर्षी असहकार आणि खिलाफत चळवळ ऐन भरात होती. ऑक्टोबरमध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलिगढला आले. कॉलेजने इंग्रज सरकारचे अनुदान सोडावे, नाहीतर विद्यार्थ्यांनी कॉलेज सोडावे, असे त्यांचे आवाहन होते. विश्वस्तांनी नकार दिला. आता निवड मुलांच्या हातात आली. पदवी दोन पावलांवर होती आणि बाहेर काहीच नव्हते. ना इमारत, ना पैसा, ना सरकारी मान्यता. अनेक घरांतून विरोध झाला. तो साहजिकच होता. पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवणारा बाप दुसरे काय म्हणणार?

त्या मुलांत २३ वर्षांचे झाकीर हुसेन होते. हेच पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. वडील ते दहा वर्षांचे असताना गेले, आई काही वर्षांनी प्लेगमध्ये गेली. डॉक्टर व्हायचे म्हणून ते लखनौला सायन्सला गेले होते, पण आजारपणात वर्ष वाया गेले आणि मग अलिगढला येऊन त्यांनी वेगळे विषय घेतले. १९२० मध्ये ते एम.ए. करत होते आणि थोडेफार शिकवतही होते. म्हणजे गमावण्यासारखे त्यांच्याकडे बरेच होते.

त्यांनी काय केले, ते क्रमाने पाहू या. नुसत्या जोशात ते बाहेर पडले नाहीत. ते दिल्लीला गेले, हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी यांच्यासारख्या ज्येष्ठांना भेटले. आम्ही कॉलेज सोडले तर शिकण्यासाठी दुसरी संस्था उभी राहील का, हे त्यांनी विचारले. होकार मिळाल्यावर ते परतले आणि निर्णय घेतला. हा आपल्या आयुष्यातला पहिला जाणीवपूर्वक निर्णय होता, असे ते पुढे सांगत.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढ कॉलेजच्याच मशिदीत जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. त्यासाठी देवबंदचे मौलाना महमूद हसन आले होते. माल्टाच्या कैदेतून सुटून त्यांना काही महिनेच झाले होते. तब्येत इतकी खालावली होती की त्यांचे भाषण त्यांच्या शागिर्दाने वाचून दाखवले. महिनाभरात त्यांचा इंतकाल झाला. नव्या संस्थेचे वर्ग तंबूंत आणि भाड्याच्या बंगल्यांत भरू लागले.

इथे आपल्या मुद्द्याकडे येतो. सूरह आले-इम्रानमध्ये एक हुकूम आहे. आधी लोकांशी मशवरा करा, मग इरादा पक्का झाला की अल्लाहवर तवक्कुल करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. ही आयत उहुदच्या लढाईनंतरची आहे. त्या लढाईआधी मदिनेबाहेर पडायचे की नाही यावर मशवरा झाला होता, बहुतेकांच्या मताप्रमाणे बाहेर पडले गेले आणि नुकसान सोसावे लागले. तरीही हुकूम आला तो मशवरा करत राहण्याचाच. उंट बांध आणि मग तवक्कुल कर, ही हदीसही आपण लहानपणापासून ऐकतो. पण कॉलेजचा फॉर्म हातात आला की नेमका उंट बांधायचा राहतो.

इस्तिखाऱ्याचेही तसेच. दोन रकात नमाज पढून स्वप्नाची वाट पाहायची, असा पुष्कळांचा समज असतो. त्या दुआत स्वप्नाचा उल्लेखच नाही. हे काम माझ्या दीनसाठी, रोजीसाठी आणि आखिरतसाठी चांगले असेल तर सोपे कर, नसेल तर मला त्यापासून वळव, अशी ती मागणी आहे. काम समोर ठेवल्याशिवाय ती मागताच येत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अलिगढमध्ये जे थांबले, ते कमी ईमानवाले नव्हते. प्राचार्य डॉ. झियाउद्दीन अहमद यांचा बहिष्काराला विरोध होता. पंचेचाळीस वर्षांच्या कष्टाने उभे राहिलेले शिक्षण राजकारणाच्या लाटेत वाहून जाऊ नये, ही त्या बाजूची काळजी खरी होती. दोन्हीकडचे लोक त्याच मशिदीत नमाज पढत होते. म्हणजे ईमान कोणाला कॉलेजचे नाव सांगत नाही.

मग ते करते काय? ते निवडीनंतरच्या वर्षांत दिसते. १९२४ मध्ये खिलाफतच संपली, आणि चळवळीतून येणारा पैसाही आटला. १९२५ मध्ये जामिया दिल्लीला करोलबागेत हलवली गेली. संस्था बंद करावी असा विचार सुरू झाला, तेव्हा झाकीर हुसेन बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होते. आम्ही येतो, तोवर बंद करू नका, असे त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी कळवले. १९२६ मध्ये ते मोहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन यांच्यासह परतले आणि २९ व्या वर्षी कुलगुरू झाले. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान गेले आणि मोठा आधार तुटला. १९२८ मध्ये शिक्षकांनी शपथ घेतली, वीस वर्षे इथेच काम करू आणि महिन्याला १५० रुपयांहून जास्त पगार घेणार नाही. तवक्कुल म्हणतात ते याला.

आम्हा महाराष्ट्रातल्या शिक्षकांना झाकीर हुसेन भेटतात ते बी.एड.च्या अभ्यासात. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष तेच होते. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडताना त्यांच्या पाठीशी जामियातली ती वर्षे होती.

१९४८ मध्ये ते अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जे कॉलेज विश्वासापोटी सोडले, तेच फाळणीनंतरच्या कठीण काळात सांभाळायला ते परतले. आज अलिगढच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचे नाव आहे आणि त्यांची कबर जामियात आहे.

म्हणून पालकांना आणि मुलांना माझे सांगणे असते, दुआ जरूर करा. पण त्याआधी कॉलेजची फी, अंतर, स्कॉलरशिप, तिथले शिक्षक यांची चौकशी करा. त्या वाटेने गेलेल्या दोघा-तिघांना विचारा. जिला शिकायचे आहे, त्या मुलीलाही विचारा, कारण मशवऱ्यात बहुतेक वेळा तीच नसते. एकदा ठरले की पहिल्या नापास पेपरला डगमगू नका. वाट चुकली असे वाटले तर वळताही येते. डॉक्टरकी सुटलेल्या मुलाचे पुढे काय झाले, ते आताच पाहिले.

अल्लाह आपल्या मुलामुलींना योग्य वाट दाखवो आणि त्या वाटेवर टिकण्याची तौफीक देवो. आमीन.