पुण्याची मंडई आणि ग्राहकांची वर्दळ : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही बाजारपेठेचे जीवन तेथे येणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. माल उत्तम असला, इमारत भव्य असली, तरी ग्राहकाची पावले तिकडे वळली नाहीत तर बाजार ओस पडतो. ही पावले कशी वळतात आणि त्यासाठीचा खर्च अखेर कोणाच्या माथी बसतो, हे दोन्ही प्रश्न पुणे शहराच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाले आहेत. प्रस्तुत निबंधात महात्मा फुले मंडईच्या अनुषंगाने या प्रश्नांचा विचार केला आहे.

पेशवेकालीन पार्श्वभूमी

पुण्यातील बहुतेक पेठा आपोआप वाढल्या नाहीत, त्या वसविल्या गेल्या. अठराव्या शतकात शुक्रवार पेठ वसविण्याचे काम जिवाजीपंत खासगीवाले यांनी केले. नव्या पेठेत येऊन राहणाऱ्यांना काही वर्षे करात सूट देण्यात आली. उद्यमी व व्यापारी यांनी नव्या जागी यावे यासाठी राज्यकर्त्यांनी आपल्या उत्पन्नाचा काही भाग सोडला, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. प्रारंभीचा भार सत्तेने उचलला आणि पेठ नांदती झाल्यावर कर वसूल केला. नव्या जागेचा धोका दुकानदारावर एकट्यावर पडला नाही.

शनिवारवाड्यापुढील बाजार

एकोणिसाव्या शतकात पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर भरत असे. आसपासच्या गावांतील शेतकरी व माळी आपला माल घेऊन येत आणि जमिनीवरच मांडून बसत. या बाजारास ऊन, पाऊस व चिखल यांचा त्रास होता, स्वच्छतेची सोय नव्हती. तथापि जागा सर्वांच्या माहितीची व वहिवाटीची होती. तेथे गर्दी जमविण्यासाठी कोणाला वेगळा खर्च करावा लागत नव्हता.

रे मार्केटची उभारणी

मुंबईत आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत १८६९ मध्ये बंदिस्त बाजाराची मोठी इमारत उभी राहिली होती. पुणे नगरपालिकेनेही तशाच धर्तीवर मंडई बांधण्याचे ठरविले. शुक्रवार पेठेतील खासगीवाले यांच्या बागेची जागा त्यासाठी घेण्यात आली. इमारतीच्या बांधकामाशी वासुदेव बापूजी कानिटकर यांचे नाव निगडित आहे. मध्यभागी अष्टकोनी मनोरा व त्यापासून फुटणाऱ्या बाजू अशी तिची दगडी रचना आहे. ग्राहक कोणत्याही दिशेने आला तरी मध्याकडे ओढला जावा आणि जाता जाता अनेक गाळ्यांवरून त्याची नजर फिरावी, असा या रचनेचा परिणाम होतो. १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये मंडईचे उद्घाटन झाले व मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले.

महात्मा फुले यांचा विरोध

महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवरील मोठ्या खर्चास त्यांनी विरोध केला. हा पैसा लोकशिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे मत होते. फुले यांचे घराणे फुलांच्या व भाजीपाल्याच्या व्यवसायातील होते, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. बाजाराशी अपरिचित असलेल्या सुधारकाचा हा आक्षेप नव्हता. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी करांच्या व पट्ट्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्याचे चित्र रेखाटले आहे. त्या दृष्टीने पाहता त्यांच्या विरोधाचा अर्थ अधिक व्यापक होतो. शहराची शोभा व सोय वाढते तेव्हा तिचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न त्यामागे होता.

वर्दळ कशामुळे वाढली?

मंडई पुढे गजबजली हे खरे. परंतु त्याचे श्रेय केवळ इमारतीस देता येत नाही. जवळच तुळशीबागेतील राममंदिर होते. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी पेशवेकाळात उभारलेल्या या मंदिराच्या परिसरात भांडी, पूजासाहित्य व स्त्रियांच्या उपयोगाच्या वस्तूंची दुकाने वाढत गेली. विसाव्या शतकात लक्ष्मी रस्त्यावर कापड व सोन्याचांदीची पेठ बहरली. देवदर्शन, संसारोपयोगी खरेदी आणि भाजी ही कामे एकाच फेरीत उरकता येऊ लागली. १९२४ मध्ये मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा उभारण्यात आला व त्याचे अनावरण पंडित मोतीलाल नेहरू यांनी केले. मंडईचा सार्वजनिक गणेशोत्सव आणि तेथील कट्ट्यावर रंगणाऱ्या राजकीय चर्चा यांमुळे ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्द पुणेकरांच्या तोंडी रुळला. माणसे केवळ भाजीसाठी येत नव्हती, म्हणूनच भाजी विकली जात होती.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या वास्तूच्या खर्चास फुले यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव लाभले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

बदलती परिस्थिती

घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यावर मंडई मुख्यत्वे किरकोळ विक्रीची राहिली. उपनगरे वाढली, दारोदारी हातगाड्या आल्या, पुढे मोठी वातानुकूलित दुकाने व घरपोच सेवा आल्या. आतील गाळेधारक भाडे भरतो, तर रस्त्यालगत बसणाऱ्या विक्रेत्याकडे ग्राहक आधी थांबतो. त्यामुळे आतील व बाहेरील विक्रेत्यांत तणाव निर्माण होतो. तथापि हा बाहेरचा विक्रेताही शनिवारवाड्यापुढील जुन्या बाजाराचाच वारस आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेस संरक्षण दिले आहे.

११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा केला व रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोमार्गाचे उद्घाटन झाले आणि मंडईस स्वतःचे स्थानक लाभले. वाहनतळाच्या अडचणीमुळे पेठांत येणे टाळणाऱ्या ग्राहकाला पायी येण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बाजाराकडे माणसे आणण्याचे कार्य इमारत एकटी करू शकत नाही. मंदिर, उत्सव, शेजारची पेठ, चालण्यास मोकळा रस्ता आणि परवडणारी जागा यांच्या संयोगातून वर्दळ निर्माण होते. वर्दळ वाढली की जागेचे मोल वाढते, आणि मोल वाढले की लहान विक्रेता प्रथम बाहेर ढकलला जातो. पेठ वसविताना करात सूट देणाऱ्यांनी हा धोका काही काळ स्वतःकडे घेतला होता. मंडईच्या नूतनीकरणाचा विचार करताना, पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवालीला तेथे बसता येईल काय, हा निकष अग्रभागी ठेवणे हेच तिच्या नावाशी सुसंगत ठरेल.